सायकल आणि आम्ही बायका

स्मरणिकेसाठी 'काहीतरी इतिहासाचे' लिहा, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले तेव्हा मी जरा घाबरलेच. माझे शिक्षण सातवी. इतिहास म्हटला की सनावळ्या आणि लढाया, एवढेच मला शाळेतले आठवते. औंढ्याच्या नागनाथावर आणि नरसीच्या नामदेवांवर लिहिणाऱ्या माझ्याहून जाणत्या भगिनी मंडळात आहेत. म्हणून मी माझ्या अंगणातली वस्तू घेतली. आमच्या आखाड्यावर पडवीत एक सायकल उभी असते. तिचा इतिहास विचारायला मी लागले, तेव्हा तो माझ्या आजेसासऱ्यांपासून थेट विलायतेपर्यंत गेला. काही वाचनालयात वाचले, काही लेकीने मोबाईलवर शोधून दिले, काही घरच्या थोर माणसांनी सांगितले. चूकभूल पदरात घ्यावी.

सायकलीचा पहिला पूर्वज १८१७ साली जर्मनीत झाला. कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने लाकडाची दोन चाके एकामागे एक जोडली. पायडल नव्हते, माणूस वर बसे आणि पायाने जमीन ढकलीत पुढे जाई. पुढे पायडल आले. मग एक चमत्कारिक सायकल आली, पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे ताटाएवढे. तिच्यावर चढायला शिडी नाही तरी धाडस लागे, आणि पायघोळ झगे घालणाऱ्या तिकडच्या बायांना तर तिच्याकडे बघण्यापलीकडे काही करता येत नसे. १८८५ साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला चेन अशी सायकल केली. आज आपण जी चालवतो ती तीच. तीन वर्षांनी डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. मुलगा दगडांच्या रस्त्यावर फार हादरतो, म्हणून बापाने केलेली ती खटपट. सगळ्या जगाचे अंग त्यामुळे दुखायचे थांबले.

मधली दांडी खाली वाकवली की झग्याची अडचण गेली, आणि तिकडच्या बायका सायकलवर बसल्या. त्याबरोबर ओरड सुरू झाली. सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा ताठ आणि कुरूप होतो, असे त्या काळचे काही डॉक्टर सांगत; त्याला त्यांनी 'सायकलचा चेहरा' असे नावही दिले होते! उलट, अमेरिकेत बायकांच्या मताच्या हक्कासाठी जन्मभर झगडलेल्या सुसान अँथनी यांनी १८९६ साली एका मुलाखतीत सांगितले, की बायकांना मोकळे करण्याचे काम जगात दुसऱ्या कशाहीपेक्षा सायकलीने जास्त केले. हे मी वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. ती आणि ते विलायती डॉक्टर एकाच पंगतीत शोभले असते. पण ते पुढे सांगते.

आपल्या देशात सायकल साहेबाबरोबर आली आणि बरीच वर्षे साहेबाची, बॅरिस्टरांची, पैसेवाल्यांची राहिली. तरी हौस कुठे थांबते? १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाची फेरी करायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. वाळवंट, जंगल, बर्फ, सगळ्यांतून सत्तर हजार किलोमीटरांवर चाक फिरवून. पुणे तर सायकलींचेच शहर झाले. सकाळी कारखान्याचा आणि शाळा-कॉलेजचा वेळ झाला की रस्ताभर घंट्या. सायकलीवर पालिकेचा कर असे, तो भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस शिट्टी मारी. म्हणजे त्या काळी सायकलला वाहन म्हणून मान होता. पुण्याच्या कॉलेजातल्या मुली पाचवारी नेसून सायकलवर जात. विदुषी इरावतीबाई कर्वे यांनी तर १९५२ साली स्कूटर चालवली, आणि पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचे नाव घेतात.

पुण्याची गोष्ट पुण्याला. आमच्याकडे तेव्हा काय होते?

आपला हिंगोली जिल्हा १९९९ सालचा. त्याआधी आपण परभणी जिल्ह्यात, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आमच्या आजेसासऱ्यांकडे हंबर सायकल होती, हाली शिक्क्याच्या रुपयांत घेतलेली. तिला पुढे कारबाईटचा दिवा होता. सासूबाई सांगतात, ती सायकल दसऱ्याला धुऊन तिला झेंडूची माळ घालीत, आणि तिला पोरांनी हात लावला तर हात लाल होई. ते तिच्यावरून परभणीला कोर्टाच्या तारखेला जात. वाटेत ओढा आला की सायकल खांद्यावर. घरातली एकही बाई तिच्यावर बसली नाही, कॅरिअरवरसुद्धा नाही. बाईमाणूस गाडीत बसे, नाहीतर चाले.

इथे मला एक गोष्ट नवलाची वाटते. त्याच निजामी राज्यात, आजच्या जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घोड्यावर बसून मुक्तिसंग्रामात लढल्या. लोक त्यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हणतात. म्हणजे घोड्यावरची बाई आमच्या लोकांनी पाहिली, तिला मान दिला. पण सायकलवरची बाई दिसायला त्यांना आणखी पन्नास वर्षे लागली. घोड्यावर बसते ती राणी. सायकलवर बसते ती कोण, हे काही त्यांना ठरवता येईना.

स्वातंत्र्यानंतर सायकली आपल्याच देशात भराभर होऊ लागल्या. मुंबईला हिंद सायकलचा कारखाना आधीच होता. सोनपतला ॲटलास १९५१ साली, लुधियान्याला हिरो १९५६ साली. किंमत आवाक्यात आली, आणि सायकल खेड्यात शिरली. ती कुठल्या दाराने शिरली हे मात्र कोणी लिहीत नाही. ती हुंड्याच्या दाराने शिरली. घड्याळ, रेडिओ, सायकल ही जावयाची तीन लेणी. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. पण कायद्याने मंडपातली सायकल काही हलली नाही. माझ्या आईच्या लग्नात, १९७८ साली, आजोबांनी दोन क्विंटल ज्वारी आणि एक गाय विकून जावयाला ॲटलास सायकल दिली. नवी कोरी, चेनकव्हरवर पिवळी नक्षी. ती मंडपात स्टँडवर उभी करून तिलाही हळदीकुंकू लावले होते.

भगिनींनो, जरा हिशोब करा. गाय आईच्या बापाची. सायकल आईच्या नावावर आलेली. आणि आई त्या सायकलवर जन्मात दोनदा बसली, दोन्ही वेळा मागे कॅरिअरवर. एकदा पाचपरतावण्याला, आणि एकदा माझ्या वेळेस पोटात दुखायला लागले तेव्हा, वसमतच्या वाटेवर गाडी मिळेपर्यंत. ती सांगते, "दोन्ही वेळा मी डोळे मिटून बसले होते गं माय. वाट कशी गेली ते दिसलंच नाही."

हीच सायकल पुढे माझ्या वाट्याला येता येता राहिली. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला पाच किलोमीटर जावे लागे. मी १९९४ साली सातवी पास झाले, वर्गात दुसरी. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याला ती ॲटलास मिळाली होती. मी म्हटले, मला कॅरिअरवर बसवून ने. तो म्हणाला, डबलसीट चढ चढत नाही. मग मी चोरून शिकायला लागले. दुपारी मोठी माणसे शेतात गेली की खळ्यावर सायकल न्यायची आणि कैची मारायची, म्हणजे दांडीच्या खालून पाय घालून अर्धे अर्धे पायडल. सहाव्या दिवशी परकर चेनमध्ये गेला आणि मी सायकलसकट पडले. नडगीला खोक पडली. तिची खूण अजून आहे. आजीने हळद दाबली आणि म्हणाली, "पोरीच्या जातीला कामून पाहिजे सायकल? उद्या काही कमीजास्त झालं तर लग्न कोण करंल?" पडले म्हणून शाळा बंद झाली, की शाळा बंदच करायची होती आणि मी निमित्त दिले, हे मला आजही सांगता येत नाही. बाप वाईट नव्हता. त्याने मला त्या वर्षी नवे कापड घेतले होते.

आता पाहा योगायोग. मी घरी बसले त्याच्या दोन-तीन वर्षे आधीच, १९९१-९२ साली, तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेत बायकांना सायकल शिकवायचे ठरले होते. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत या बाईच होत्या. खेड्यातल्या एक लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या, शेतमजूर, परिचारिका, शिक्षिका. पी. साईनाथ या पत्रकारांनी त्याचे सविस्तर वर्णन लिहिले आहे. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी दांडीच्या सायकली घेतल्या. आणि मग त्यांनाच त्या बऱ्या वाटू लागल्या, कारण दांडीवर पोर बसवता येते! पाण्याची घागर मागे, पोर पुढे, आणि बाई सीटवर. आमच्या आणि त्यांच्या खेड्यांत काय फरक होता? ऊन तेवढेच, गरिबी तेवढीच. एक जिल्हाधिकारीबाई आणि शिकवणारी चार माणसे, इतकाच काय तो फरक.

पुढे सरकारांनाही हे कळू लागले. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. त्याचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा मुलींचे माध्यमिक शाळेत नाव घालण्याचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगा-मुलीतले अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्याकडे मानव विकासच्या कार्यक्रमातून, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. माझ्या लेकीला ती २०१६ साली आठवीत मिळाली. आमचा आखाडा गावापासून तीन किलोमीटर. वरचे थोडे पैसे आम्ही घातले. निळी, दांडी नसलेली, पुढे टोपली. ती घरी आली त्या दिवशी मी तिला कुंकू लावले, आईच्या सायकलीला लावले होते तसेच. पण या वेळेस सायकल ज्या पोरीच्या नावाची, तीच सीटवर बसली.

आपल्या भागात सायकल चालवणे म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून समजायचे नाही. आपली काळी माती! मृगाचा एक पाऊस झाला की आखाड्याची वाट लोण्यासारखी होते. चाकाला चिखल बसतो, चाक फिरता फिरता तो मडगार्डमध्ये ठासतो, आणि पन्नास पावलांत चाक जाम. मग काडीने चिखल काढा, पुन्हा पन्नास पावले. लेक दप्तरात एक बाभळीची काडी ठेवायची, पेन्सिलीसारखी. फारच झाले तर सायकल डोक्यावर घेऊन डांबरीपर्यंत यायचे, तिथे डबक्यात पाय धुवायचे, मग शाळा. पावसाळाभर आम्ही मडगार्ड काढूनच ठेवीत असू. मग चिखल थेट पाठीवर उडे आणि शाळेत गणवेशावरून बोलणी. उन्हाळ्यात दुसरीच तऱ्हा. सायकल उन्हात उभी राहिली की ट्यूब फुटते, म्हणून हवा जरा कमी ठेवायची. वेड्या बाभळीचे काटे बाराही महिने. पंक्चर काढायला लेक घरीच शिकली. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडा शोधायचा, काचकागदाने घासायचे, सोल्युशन लावून ठिगळ दाबायचे. हे काम मुलींना शाळेत शिवणाबरोबर शिकवावे असे माझे मत आहे.

पण चिखल आणि काटे यांनी जीव जात नाही. जीव जातो डांबरीवर. परभणी-हिंगोली रस्त्यावर हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की सायकलवाल्याला जागा उरत नाही. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही. लेक नववीत असताना, २०१८ च्या जानेवारीत, जादा तास आटोपून अंधार पडता पडता येत होती. एक ट्रॉली चाक निखळून रस्त्यावरच उभी केलेली. ना दगड, ना फांदी, ना दिवा. समोरून जीपचा उजेड डोळ्यांवर आला आणि ही जाऊन ट्रॉलीच्या मागे धडकली. मनगट मोडले, हनुवटीला चार टाके. ऊस तोंडावर यायचा तो खांद्यावर आला, म्हणून डोळे वाचले. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांत सायकलवाले चार हजारांहून जास्त. तो आकडा वाचताना मला फक्त तो उसाचा शेंडा दिसतो.

घरात तेच झाले जे माझ्या वेळी झाले होते. ह्यांनी सायकल पडवीत नेऊन साखळीने बांधली. "बारावी घरूनच होईल," म्हणाले. मी काही बोलले नाही. खरे सांगायचे तर मलाही भीती वाटत होती, आणि माझी जीभ माझ्याच आजीसारखी वळू पाहत होती. बोलल्या त्या सासूबाई. एक अक्षर न शिकलेल्या. म्हणाल्या, "बैलाचा पाय मुरगळला म्हणून तू नांगर विकतूस का रे?" एवढेच. लगेच काही सायकल सुटली नाही हो. दोन महिने ऑटो लावला, रोजचे चाळीस रुपये जाऊ लागले, मार्च उजाडला, हळद शिजवायची मजुरी द्यायची वेळ आली, आणि साखळी आपोआप सुटली. शहाणपणापेक्षा हिशोबाने बायकांची कामे जास्त झालेली आहेत असे मी पाहिले आहे.

त्या साली दिवाळीनंतर आपण मंडळाच्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ट्रॉल्यांच्या मागे लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवत होतो, ते तुम्हाला आठवत असेल. काही ड्रायव्हरांनी थट्टा केली, काहींनी उतरून स्वतः पट्टी दाबली. उरलेल्या पट्ट्यांचे तुकडे मुलींच्या मडगार्डला लावले. दुसऱ्या वर्षी पट्ट्या संपल्या आणि आपणही थंडावलो, हेही लिहून ठेवते.

एक गोष्ट मनाला लागते. मुलींच्या हाती सायकल आली तोवर पुरुषांना ती नकोशी झाली होती. गावात आता फटफटीशिवाय तरुण दिसत नाही; सायकलवर दिसतात ते शाळेच्या मुली आणि धोतरातले म्हातारे. पुण्यातही सायकली गेल्या, स्कूटरी आल्या; जुन्या सायकलींचे तिथे आता संग्रहालय आहे. आईची सायकल ज्या कंपनीची होती त्या ॲटलासने उत्तर प्रदेशातल्या साहिबाबादचा आपला मोठा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ठरवलेला जागतिक सायकल दिवस तो हाच! ज्या वस्तूला झेंडूची माळ घालीत, ती उतरल्यावर आपल्याकडे आली. तरी आली ते बरे. पण बारावी झाली की मुलीची सायकल सुटते. लग्न झालेली, मंगळसूत्र घातलेली बाई सायकलवर बाजाराला आलेली मी जवळ्यात पाहिली नव्हती.

२०२० च्या टाळेबंदीत रस्ता ओस पडला. ट्रॉली नाही, जीप नाही, बघणारे कोणी नाही. एके सकाळी लेक म्हणाली, "आई, बस." मी एकोणचाळीस वर्षांची. तिने मागून कॅरिअर धरले. मी पुन्हा सहा दिवस पडले, पण या वेळेस सातव्या दिवशी घरी बसले नाही. लेक आता परभणीला शिकते, एसटीने जाते-येते. सायकल मला सोडून गेली. मंडळाच्या सभेला मी तिच्यावरच येते, आणि ती दाराशी लिंबाखाली लावते, हे तुम्ही पाहताच. पहिल्या दिवशी कोण काय म्हणाले तेही मला ठाऊक आहे, पण स्मरणिकेत नको.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी सुट्टीच्या दिवशी सकाळी मोंढ्याच्या मैदानात यावे, तिथे वाहन नसते. साडी असली तर निऱ्या डावीकडे ओढून खोचाव्यात, कारण चेन उजवीकडे असते. चेनकव्हर नसेल तर आधी बसवून घ्यावे. आणि पायात चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल घालावी.